उसन्या कथांवर उभं राहिलेलं नेटवर्क: युनिव्हिजनचं प्रकरण

एखाद्या भाषेतलं टीव्ही नेटवर्क बुडतं तेव्हा बहुतेक वेळा प्रेक्षक कमी झाल्याचं कारण पुढे केलं जातं. अमेरिकेतल्या युनिव्हिजन या स्पॅनिश नेटवर्कला ते कारण लागू पडत नाही. तिथल्या जनगणनेनुसार हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांशी नातं असलेली लोकसंख्या २००० मध्ये ३.५३ कोटी होती, २०१० मध्ये ५.०५ कोटी झाली आणि २०२० मध्ये ६.२१ कोटींवर गेली. म्हणजे ज्या समाजासाठी हे नेटवर्क चालत होतं, तो वीस वर्षांत पाऊणपट वाढला, आणि नेटवर्क मात्र याच काळात पहिल्या क्रमांकावरून घसरलं, कर्जात रुतलं, दोनदा विकलं गेलं. असं का झालं, कुठल्या वळणावर कोणते पर्याय समोर होते आणि त्यांतले कोणते घेतले गेले, हे या प्रकरणात पाहायचं आहे. कंपनी आणि सार्वजनिक जीवनातली माणसं नावानिशी घेतली आहेत.

पार्श्वभूमी

सुरुवात टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात झाली. राऊल कोर्तेझ या मेक्सिकन वंशाच्या व्यावसायिकाने तिथे आधी स्पॅनिश रेडिओ केंद्र काढलं होतं. १९५५ मध्ये त्यांनी केसीओआर हे टीव्ही केंद्र सुरू केलं. ते यूएचएफ या उच्च वारंवारितेच्या पट्ट्यात होतं आणि त्या काळच्या बहुतेक टीव्ही संचांवर हा पट्टा दिसतच नसे. प्रेक्षकाला वेगळं उपकरण जोडावं लागे. जाहिरातदारांचा प्रतिसादही थंड होता. काही वर्षं रेटून चालवल्यावर १९६१ मध्ये केंद्र विकलं गेलं.

ते घेणाऱ्या गटात कोर्तेझ यांचे जावई एमिलियो निकोलस होते, रेने अँसेल्मो होते आणि मेक्सिकोतल्या टीव्ही साम्राज्याचे मालक एमिलियो अस्कारागा होते. याच गटाने १९६२ मध्ये लॉस एंजेलिसला केएमईएक्स सुरू केलं आणि केंद्रांची साखळी बांधायला घेतली. तिचं नाव स्पॅनिश इंटरनॅशनल नेटवर्क, म्हणजे एसआयएन. हिशेब सरळ होता. मेक्सिकोत मालिका तयार होतात, तिथे त्यांचा खर्च वसूल होतो, त्याच मालिका सीमेपलीकडे दाखवल्या की वरचा पैसा. १९६४ पासून नव्या टीव्ही संचांत यूएचएफची सोय असणं कायद्याने सक्तीचं झालं, त्याचाही फायदा मिळाला. १९७६ मध्ये एसआयएनने उपग्रहावरून कार्यक्रम पुरवायला सुरुवात केली, तेव्हा अमेरिकेतली मोठी इंग्रजी नेटवर्क अजून जमिनीवरच्या तारा आणि सूक्ष्मलहरींवर अवलंबून होती.

इथे टेलिनोव्हेलाबद्दल, म्हणजे लॅटिन अमेरिकेतल्या टीव्ही मालिकांबद्दल थोडं सांगायला हवं. आपल्याकडची मालिका टीआरपी मिळतो तोवर लांबत राहते. टेलिनोव्हेलाला ठरलेला शेवट असतो. रोज एक भाग, काही महिने, मग लग्न किंवा शिक्षा, आणि पुढच्या सोमवारी नवी गोष्ट. त्यामुळे नेटवर्कला सतत नव्या कथा लागतात. त्या कोण लिहितं, कोण बनवतं आणि त्यांचे हक्क कोणाकडे आहेत, यावर अशा नेटवर्कचं सगळं भवितव्य ठरतं.

मालकीचा पहिला पेच

अमेरिकेच्या कायद्याने प्रक्षेपण परवान्यात परदेशी माणसाला २० टक्क्यांपेक्षा जास्त थेट हिस्सा ठेवता येत नसे. कागदावर अस्कारागा त्या मर्यादेतच होते. पण पैसा, कार्यक्रम आणि निर्णय मेक्सिकोतून येतात, अशी तक्रार दळणवळण आयोगाकडे गेली आणि १९८६ च्या जानेवारीत आयोगाच्या न्यायाधीशांनी परवान्यांचं नूतनीकरण नाकारलं. केंद्रं विकण्याशिवाय मार्ग उरला नाही. ती शुभेच्छापत्रं छापणाऱ्या हॉलमार्क कंपनीने भागीदारासह सुमारे ३० कोटी डॉलरना घेतली. १९८७ मध्ये नेटवर्कचं नाव युनिव्हिजन झालं.

१९८६ मध्येच आणखी एक गोष्ट घडली आणि माझ्या मते ती पैशाच्या व्यवहाराइतकीच महत्त्वाची होती. नेटवर्कची राष्ट्रीय बातमीपत्रं १९८१ पासून सुरू होती. मेक्सिकोतल्या टेलेव्हिसाने, म्हणजे अस्कारागा कुटुंबाच्या टीव्ही कंपनीने, तिथले प्रसिद्ध निवेदक हाकोबो झाब्लुदोव्स्की यांना या बातम्यांचे प्रमुख म्हणून पाठवायचं ठरवलं. ते मेक्सिकोतल्या सत्ताधाऱ्यांच्या फार जवळचे मानले जात. वृत्तविभागातल्या पत्रकारांनी विरोध केला, त्यांच्या संचालकांसह अनेकांनी राजीनामे दिले आणि नेमणूक बारगळली. मोकळ्या झालेल्या जागेवर आले होर्हे रामोस, वय अवघं २८. वर्षभरात मारिया एलेना सालिनास त्यांच्या शेजारी बसल्या आणि ही जोडी पुढची तीस वर्षं टिकली.

बातम्यांच्या बाबतीत या नेटवर्कच्या पाठीशी एक जुना वारसा होता. केएमईएक्सचे वृत्तसंचालक रुबेन सालाझार २९ ऑगस्ट १९७० रोजी लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन-अमेरिकनांच्या युद्धविरोधी मोर्चाचं वार्तांकन करताना शेरीफच्या हवालदाराने झाडलेल्या अश्रुधुराच्या नळकांड्याने मारले गेले. बातमी आपल्या लोकांची आणि ती आपल्याच माणसांनी द्यायची, ही जिद्द तिथूनची आहे. मालिका बाहेरून येत होत्या, पण बातम्या घरच्या होत्या. पुढे संकटात कुठला भाग टिकला आणि कुठला कोसळला, हे पाहताना हा फरक विसरू नये.

१९९२ चा करार

हॉलमार्कला हा धंदा नीट उमगला नाही. १९९२ मध्ये त्यांनी नेटवर्क सुमारे ५५ कोटी डॉलरना जेरी पेरेंचिओ यांच्या गटाला विकलं. त्यात टेलेव्हिसा आणि व्हेनेझुएलाची वेनेव्हिसिओन हे दोन्ही कार्यक्रमपुरवठादार अल्पहिस्सेदार म्हणून आले. सोबत २५ वर्षांचा करार झाला: दोघांचे कार्यक्रम अमेरिकेत युनिव्हिजनलाच मिळतील आणि बदल्यात उत्पन्नातून रॉयल्टी जाईल. टेलेव्हिसाची रॉयल्टी पुढे नऊ टक्क्यांच्या आसपास होती.

पेरेंचिओंसमोर तेव्हा मुख्यतः दोन वाटा होत्या. हॉलमार्कच्या काळात अमेरिकेतच कार्यक्रम बनवायचे प्रयत्न सुरू झाले होते. ते वाढवायचे, म्हणजे खर्च आज आणि फळ पाच-दहा वर्षांनी. किंवा मेक्सिकोच्या तयार, पारखलेल्या मालिका घ्यायच्या, म्हणजे खर्च उत्पन्नाच्या प्रमाणात आणि जोखीम जवळपास शून्य. त्यांनी दुसरी वाट धरली. त्या क्षणी तो निर्णय बरोबरच होता. मेक्सिकन वंशाचे लोक हा प्रेक्षकांतला सर्वांत मोठा गट होता, आणि नव्याने आलेल्या माणसाला गावी पाहिलेले चेहरे इथेही पाहायला मिळत होते.

खोट कराराच्या मुदतीत आणि रचनेत होती. पंचवीस वर्षं विहीर दुसऱ्याची आणि पाणी आपलं, अशी ही व्यवस्था. रॉयल्टी देताना स्वतःची निर्मिती हळूहळू वाढवण्याची कुठलीही सक्ती नेटवर्कने स्वतःवर घालून घेतली नाही.

भरभराट

पुढची पंधरा वर्षं सोन्याची होती. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नीलसन कंपनीने १९९२ पासून हिस्पॅनिक घरांचं स्वतंत्र मोजमाप सुरू केलं, त्यामुळे जाहिरातदारांपुढे ठेवायला आकडे मिळाले. १९९६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. २००२ मध्ये टेलेफुतुरा हे दुसरं नेटवर्क निघालं. शनिवारी रात्री डॉन फ्रान्सिस्को या निवेदकाचा 'साबादो हिगांते' हा चिलीत १९६२ मध्ये सुरू झालेला आणि १९८६ पासून मायामीहून होणारा कार्यक्रम तीन पिढ्या एकत्र पाहत.

बातम्यांनी मिळवलेला विश्वास टीव्हीच्या पलीकडे पोचला होता. २५ मार्च २००६ ला लॉस एंजेलिसमध्ये स्थलांतरितांच्या हक्कांसाठी लाखो लोक रस्त्यावर उतरले. लोकांना बोलावण्यात स्पॅनिश रेडिओच्या निवेदकांचा मोठा वाटा होता आणि त्यांतले काही युनिव्हिजनच्याच केंद्रांवर बोलत होते. पुढच्या वर्षी नेटवर्कने सामाजिक संस्थांबरोबर 'या एस ओरा', म्हणजे 'आता वेळ आली', ही मोहीम चालवली. पात्र असूनही नागरिकत्वाचा अर्ज न केलेल्यांना अर्ज कसा भरायचा, फी किती, परीक्षेत काय विचारतात, हे पडद्यावरून समजावलं जात होतं. व्यापारी कंपनीने असं काम करावं हे दुर्मीळ आहे आणि त्याचं श्रेय तिला पुरेपूर द्यायला हवं.

त्याच वेळी टेलेमुंडो या प्रतिस्पर्धी स्पॅनिश नेटवर्कची जुळवाजुळव सुरू होती. टेलेव्हिसाच्या मालिका मिळत नाहीत, म्हणून तो कोलंबियाकडे वळला. 'यो सोय बेट्टी, ला फेआ' ही कोलंबियन मालिका अमेरिकेत त्याच्यावर लागली. तिचंच भारतीय रूप आपण २००३ मध्ये 'जस्सी जैसी कोई नहीं' म्हणून पाहिलं. २००२ मध्ये एनबीसी या मोठ्या इंग्रजी नेटवर्कने टेलेमुंडो सुमारे २७० कोटी डॉलरना घेतलं आणि मायामीत स्वतःच्या मालिका बनवण्यावर भर दिला. सुरुवातीला त्या फारशा चालल्या नाहीत, पण लेखक, तंत्रज्ञ आणि कलाकार तयार होत गेले.

पेच: २००५ ते २००७

टेलेव्हिसाला आपला वाटा तोकडा वाटू लागला. आपल्या मालिका, आपले कलाकार आणि नफा दुसऱ्याचा. २००५ मध्ये त्यांनी रॉयल्टी आणि करारभंगावरून युनिव्हिजनला कोर्टात खेचलं. हेच कार्यक्रम अमेरिकेत इंटरनेटवर दाखवण्याचा हक्क कोणाचा, हा वादही पेटला. पंचाहत्तरीच्या पेरेंचिओंनी २००६ मध्ये कंपनी विक्रीला काढली.

पर्याय तीन होते. पहिला, विकायचंच नाही; बाजारात राहून टेलेव्हिसाशी वाटाघाटी करायच्या आणि स्वतःची निर्मिती उभी करायची. दुसरा, टेलेव्हिसाच्या गटाला विकायचं. यात पुरवठादार आणि नेटवर्क एक झाले असते, पण परदेशी मालकीची मर्यादा आडवी येत होती आणि त्या गटातले काही मोठे भागीदार मध्येच गळाले. तिसरा, जास्तीत जास्त भाव देणाऱ्या खासगी गुंतवणूकदारांना विकायचं.

तिसरा पर्याय घेतला गेला. हैम सबान यांच्यासह पाच गुंतवणूक संस्थांच्या गटाने प्रत्येक शेअरला ३६.२५ डॉलर देऊन, कर्ज धरून सुमारे १,३७० कोटी डॉलरना कंपनी घेतली. व्यवहार मार्च २००७ मध्ये पुरा झाला. किमतीचा मोठा भाग उधारीचा होता आणि ती उधारी कंपनीच्याच डोक्यावर ठेवली गेली. कर्ज ९०० कोटी डॉलरच्या वर गेलं.

त्याच महिन्यांतली एक बाब छोटी, पण बोलकी आहे. अमेरिकेत केंद्रांना तेव्हा आठवड्याला तीन तास मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम दाखवावे लागत. युनिव्हिजनच्या केंद्रांनी जुळ्या बहिणींवरची एक टेलिनोव्हेलाच शैक्षणिक म्हणून दाखवली होती. आयोगाने २ कोटी ४० लाख डॉलर वसूल केले. तोवरचा तो सर्वांत मोठा दंड होता. मुलांसाठी स्वतः काही बनवण्याऐवजी बाहेरून आलेली टेलिनोव्हेला त्या खणात सरकवण्याची सवय किती मुरली होती, ते यातून कळतं.

पुढे काय केलं

नवे मालक आले आणि वर्षभरातच जागतिक मंदी आली. जाहिराती आटल्या, व्याज मात्र चालू राहिलं. टेलेव्हिसाशी खटला जानेवारी २००९ मध्ये सुनावणी सुरू असतानाच मिटवण्यात आला. २०१० मध्ये टेलेव्हिसाने १२० कोटी डॉलर गुंतवून पुन्हा हिस्सा मिळवला, युनिव्हिजनला डिजिटल हक्क मिळाले आणि रॉयल्टी सुमारे १२ टक्क्यांवर गेली, २०१८ पासून ती १६ टक्क्यांच्या वर जाणार होती. रोकड लागतच होती, त्यामुळे करार टाळता आला नसता. पण परावलंबन आणखी महाग झालं.

जुलै २०१३ मध्ये १८ ते ४९ वयोगटात युनिव्हिजन सगळ्या अमेरिकन नेटवर्कांत, इंग्रजी धरून, पहिलं आलं. मोठा गाजावाजा झाला. मला हा क्षण या प्रकरणातला सर्वांत धोक्याचा वाटतो. जुलैत इंग्रजी नेटवर्क जुने भाग दाखवतात आणि टेलिनोव्हेला मात्र रोज नवी असते, हे तेव्हाही सर्वांना माहीत होतं. खरी घडामोड लोकसंख्येत होती. २००० ते २०१० या दशकात मेक्सिकन-अमेरिकनांच्या वाढीत स्थलांतरापेक्षा जन्मांचा वाटा मोठा झाला होता. अमेरिकेत जन्मलेली मुलं आजीबरोबर स्पॅनिश बोलत, पण रात्री फोनवर इंग्रजी मालिका पाहत. मेक्सिकोतल्या श्रीमंत हवेलीतल्या मोलकरणीची गोष्ट त्यांची नव्हती.

व्यवस्थापनाने हे ओळखलं होतं, हे मान्य करायला हवं. उपाय म्हणून ऑक्टोबर २०१३ मध्ये डिस्नेच्या साथीने फ्युजन हे इंग्रजी चॅनेल काढलं. पण केबलवर नवं चॅनेल काढण्याची वेळ तेव्हा सरत आली होती, कारण ज्या तरुणांसाठी ते होतं तेच केबल सोडत होते. डिस्ने २०१६ मध्ये बाहेर पडलं. त्याच वर्षी युनिव्हिजनने दिवाळखोरीतल्या गॉकर मीडियाची संकेतस्थळं १३ कोटी ५० लाख डॉलरना घेतली. तीन वर्षांत ती त्याहून कितीतरी कमी किमतीला विकावी लागली. तरुणांचा प्रश्न सोडवतानाही नेटवर्कने पुन्हा बाहेरची तयार वस्तूच उचलली होती.

दरम्यान २०११ मध्ये टेलेमुंडोने २०१८ आणि २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाचे स्पॅनिश हक्क जिंकले. हा घाव खोल होता. विश्वचषक दशकानुदशकं युनिव्हिजनवर पाहिला गेला होता. २०१४ च्या मेक्सिको-नेदरलँड्स सामन्याला १ कोटी ४ लाख प्रेक्षक मिळाले होते. स्वस्तात आणि वर्षानुवर्षं सवय लावून मिळवलेला तो प्रेक्षक कर्जबाजारी कंपनीला राखता आला नाही.

निष्पत्ती

टेलेमुंडोने २०११ मध्ये 'ला रेइना देल सूर' आणि २०१३ पासून 'एल सेन्योर दे लोस सिएलोस' या वेगवान, गुन्हेगारी जगातल्या मालिका आणल्या. वेळ जुनीच, कथा नव्या. २०१६-१७ च्या हंगामात कामाच्या दिवसांच्या प्राइम टाइममध्ये १८ ते ४९ वयोगटात टेलेमुंडो पहिल्यांदाच पुढे गेलं. २०१५ मध्ये जाहीर केलेला शेअरविक्रीचा बेत युनिव्हिजनने मार्च २०१८ मध्ये सोडला. कर्मचारी कपात झाली. त्याच उन्हाळ्यात डिश या उपग्रह सेवेशी दराचं भांडण होऊन नेटवर्क तिच्या ग्राहकांना सुमारे नऊ महिने दिसलं नाही.

डिसेंबर २०२० मध्ये ६४ टक्के हिस्सा नव्या गुंतवणूकदारांकडे गेला. जानेवारी २०२२ मध्ये टेलेव्हिसाचा निर्मितीविभाग ४८० कोटी डॉलरच्या व्यवहारात युनिव्हिजनमध्ये विलीन झाला आणि टेलेव्हिसायुनिव्हिजन जन्माला आली. परदेशी मालकीचे नियम सैल झाल्याने टेलेव्हिसाला त्यात सुमारे ४५ टक्के वाटा ठेवता आला. १९८६ मध्ये ज्या संबंधामुळे परवाने गेले, तोच संबंध आता उघड आणि कायदेशीर होता. विक्स ही स्ट्रीमिंग सेवा २०२२ मध्येच आली, पण नेटफ्लिक्स तोवर मेक्सिकोत सात वर्षं स्पॅनिश मालिका बनवत होतं. नव्या कंपनीवरचं कर्जही हजार कोटी डॉलरच्या जवळपासच राहिलं.

बातम्यांवरही ओरखडा उमटला. नोव्हेंबर २०२३ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांची मायामीच्या नव्हे, मेक्सिकोच्या वृत्तविभागातल्या पत्रकाराने घेतलेली तासाभराची मुलाखत लागली. प्रतिप्रश्न फारसे विचारले नाहीत म्हणून प्रेक्षक आणि कलावंतांनी बहिष्काराची भाषा केली. याच ट्रम्प यांच्या पत्रकार परिषदेतून ऑगस्ट २०१५ मध्ये रामोस यांना बाहेर काढलं गेलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये रामोस यांनीही नेटवर्क सोडलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली जागा १९९२ ची. करार करूनही रॉयल्टीसोबत उत्पन्नाचा ठरावीक भाग मायामी आणि लॉस एंजेलिसमधल्या निर्मितीसाठी बाजूला ठेवता आला असता. सोन्याच्या पंधरा वर्षांत तो खर्च जाणवलाही नसता. टेलेमुंडोला अपयश पचवून मालिका बनवायला शिकण्यासाठी दहा वर्षं लागली. युनिव्हिजनकडे तेवढा काळ आणि जास्त पैसा दोन्ही होते.

दुसरी जागा २००६ ची आणि इथे माझं मत ठाम आहे. टेलेव्हिसाला विकणं कायद्याच्या दृष्टीने अवघड होतं, पण न विकणं शक्य होतं. निवृत्त होऊ पाहणाऱ्या मालकाला भाव हवा असतो, यात गैर काही नाही. संचालक मंडळाने मात्र एवढं विचारायला हवं होतं की खरेदीदार किती कर्ज कंपनीवर टाकणार आणि पुरवठादाराशी चालू असलेल्या खटल्याचं काय करणार. खटला मिटवून मग विक्री केली असती, तर भाव कदाचित कमी आला असता, पण २०१० ची महाग रॉयल्टी टळली असती.

तिसरी जागा फ्युजनची. तरुणांसाठी वेगळं इंग्रजी चॅनेल काढण्यापेक्षा, दोन्ही भाषांत बोलणाऱ्या घरांतल्या कथा मुख्य नेटवर्कवरच आणायला हव्या होत्या. वृत्तविभागाला हा समाज आतून माहीत होता. नागरिकत्वाच्या अर्जापासून शाळेतल्या प्रवेशापर्यंत त्याच्या अडचणी रोज त्यांच्याकडे येत होत्या. त्या माहितीतून मालिका लिहिणारे लेखक घडवायचे, तर पाच-सहा वर्षं लागली असती आणि सुरुवातीच्या दोन-तीन मालिका पडल्याही असत्या. दर तिमाहीला व्याज भरायचं असलेल्या कंपनीत ही परवानगी द्यायला कोणी तयार होत नाही, म्हणून मी २००६ च्या निर्णयाला २०१३ च्या निर्णयाहून जास्त दोष देतो.